'दाट शक्यता' म्हणजे शंभरात किती? : हेरखात्यांची आणि फौजेची बोली

निळी शाई (धागाकर्ती) | सोमवार, रात्री १०.४०

मंडळी, मी अनुवाद करते. सध्या हातात शीतयुद्धातल्या हेरगिरीवरच्या लेखांचा गठ्ठा आहे आणि त्याने मला रडकुंडीला आणलंय. शब्दकोशाचा उपयोग नाही, कारण शब्द सगळे ओळखीचेच. एजंट, कव्हर, लेजंड, असेट. अनोळखी शब्द आला की माणूस थांबून विचार तरी करतो, ओळखीचा शब्द बेमालूम फसवून जातो.

पहिली ठेच 'सीआयए एजंट'ला लागली. वर्तमानपत्रांत हा प्रयोग सर्रास दिसतो. प्रत्यक्षात सीआयएचा पगारी माणूस हा 'ऑफिसर'. त्यातला जो परक्या मुलखात माणसं हेरतो, फितवतो, सांभाळतो तो 'केस ऑफिसर'. आणि 'एजंट' म्हणजे तो फितलेला माणूस, जो आपल्याच देशाची गुपितं याच्या हाती देतो. त्याच अमेरिकेत एफबीआयचा पगारी तपास अधिकारी मात्र 'स्पेशल एजंट' म्हणवतो, म्हणजे गोंधळ कायम. एका वाक्यात सांगायचं तर ऑल्ड्रिच एम्स सीआयएचा ऑफिसर होता आणि केजीबीचा, म्हणजे सोव्हिएत हेरखात्याचा, एजंट.

एम्सच्या एकट्याच्या प्रकरणात निम्मी परिभाषा सापडते. एप्रिल १९८५ मध्ये तो वॉशिंग्टनच्या सोव्हिएत वकिलातीत आपल्या पायांनी चालत गेला. अशा आगंतुकाला 'वॉक-इन' म्हणतात. वॉक-इन आला की आनंदापेक्षा संशय जास्त, कारण तो समोरच्यांनी मुद्दाम सोडलेलं आमिष असू शकतो. त्या आमिषाला 'डँगल' म्हणतात. पुढे एम्स कागद ठरलेल्या जागी ठेवायचा आणि दुसरा कोणी नंतर उचलायचा, दोघांची गाठ पडायची नाही. हा 'डेड ड्रॉप'. काहीतरी ठेवलंय हे कळवायला टपालपेटीवर खडूची रेघ. नऊ वर्षं हे चाललं, फेब्रुवारी १९९४ मध्ये अटक झाली.

आता 'कव्हर'. वकिलातीत सचिव वगैरे म्हणून नेमलेला हेर पकडला गेला, तर १९६१ च्या व्हिएन्ना करारामुळे त्याच्यावर खटला चालत नाही. त्याला 'नको असलेली व्यक्ती' ठरवून परत पाठवतात, बस्स. व्यापारी, छायाचित्रकार, संशोधक अशा वेषात गेलेल्याला हे छत्र नसतं. सीआयएच्या बोलीत तो 'नॉक'. त्याच्या वेषामागचं रचलेलं आख्खं आयुष्य, म्हणजे जन्मगाव, शाळा, मोडलेलं लग्न, हे सगळं मिळून 'लेजंड'. आधीच्या अनुवादकाने इथे चक्क 'दंतकथा' लिहिलंय. मी तूर्त 'बनावट पूर्वायुष्य' ठेवलंय, पण जीभ अडखळते.

लेजंड पटावं म्हणून खिशात जो फुटकळ कचरा ठेवतात तो 'पॉकेट लिटर'. यातला माझा सगळ्यात आवडता किस्सा १९४३ चा. ब्रिटिशांनी एका मृतदेहाला 'मेजर विल्यम मार्टिन' बनवून स्पेनच्या किनाऱ्याजवळ पाण्यात सोडलं. हल्ला सिसिलीवर नसून ग्रीस आणि सार्डिनियावर होणार अशी खोटी पत्रं सोबतच्या बॅगेत होती. पण खरी करामत खिशात होती. नाटकाच्या तिकिटांचे अर्धे तुकडे, प्रेयसीची पत्रं, खात्यात पैसे नसल्याबद्दल बँकेचं खरमरीत पत्र. कर्ज थकवणारा माणूस खोटा कसा असेल!

या सगळ्याहून मला छळतोय तो एक साधा शब्दप्रयोग, 'दाट शक्यता'. त्यावर नंतर लिहीन. त्याआधी एक करा. 'हल्ल्याची दाट शक्यता आहे' हे वाचल्यावर तुमच्या मनात शंभरात किती येतात, तो आकडा प्रतिसादात लिहा. दुसऱ्यांचे आकडे बघून आपला बदलू नका.

---

उंटावरचा | सोमवार, रात्री ११.०५

९०. नाहीतर 'दाट' कशाला म्हणायचं? 

शंका: खात्यात आत बसून पोखरणाऱ्या फितुराला इंग्रजीत 'मोल' म्हणतात, जमिनीखाली बिळं करणाऱ्या प्राण्यावरून. त्याला मराठीत काय म्हणणार? तो प्राणी आपल्या महाराष्ट्रात नाही. मी 'घूस' सुचवतो. घराखाली राहते, बिळं करते, भिंत खचेपर्यंत पत्ता लागत नाही.

---

निळी शाई | सोमवार, रात्री ११.२०

घूस झकास आहे, पण वाचकाला आधी लाच आठवेल. माणसासाठी 'अस्तनीतला निखारा' आहेच, फक्त त्यात शिवीचा सूर येतो, आणि 'मोल' हा त्या खात्यात थंडपणे वापरायचा शब्द आहे. 

जाता जाता, मोल आणि 'स्लीपर' यांची गल्लत करू नका. मोल आत बसून रोज पोखरत असतो. स्लीपर इशारा येईपर्यंत काहीच करत नाही, शेजाऱ्यांसारखा शेजारी असतो.

---

खरखर | मंगळवार, सकाळी ६.१०

६०. पन्नासच्या वर आहे एवढंच मी समजेन.

मी आयुष्य फौजेच्या सिग्नलमध्ये काढलं. हेरांचं मला माहीत नाही, वायरलेसचं सांगतो. सिनेमात 'ओव्हर अँड आउट' ऐकलं की माझा हात रिमोटकडे जातो. 'ओव्हर' म्हणजे माझं झालं, आता तुम्ही बोला. 'आउट' म्हणजे संभाषण संपलं, उत्तर नको. दोन्ही एकदम म्हणणं म्हणजे 'या बसा, निघा आता'.

'रॉजर' म्हणजे 'हो' नव्हे. निरोप पोचला, इतकंच. जुन्या वर्णमालेत आर या अक्षराला रॉजर म्हणत, आणि आर म्हणजे रिसीव्ह्ड. निरोप पोचला आणि तसं करतोही, यासाठी 'विल्को'. पोचणं आणि मान्य असणं वेगळं, हे घरातही लागू आहे.

आता महत्त्वाचं. ऐकू आलं नाही तर 'रिपीट' म्हणायचं नाही. 'से अगेन' म्हणायचं. तोफखान्याच्या भाषेत 'रिपीट' म्हणजे त्याच जागी पुन्हा मारा करा. शिकाऊ पोरांच्या तोंडून 'रिपीट' निघाला की आमचे उस्ताद अख्ख्या वर्गाला मैदानाला फेरी मारायला लावत. तेव्हा राग यायचा.

वैमानिकांचंही तसंच. 'बोगी' म्हणजे ओळख न पटलेलं विमान, 'बँडिट' म्हणजे शत्रूचं आहे हे नक्की, 'होस्टाइल' म्हणजे शत्रूचं आहे आणि पाडायची मुभाही आहे. वार्तांकनात तिन्हीला 'शत्रूचं विमान' म्हणतात. या तीन शब्दांच्या मधल्या जागेत प्रवासी विमानं असतात, आपलीच विमानं असतात.

---

उंटावरचा | मंगळवार, सकाळी ९.३०

काका, दंडवत. मग 'डी-डे'मधला डी कशाचा? डिसिजन? डूम? डिलिव्हरन्स?

---

खरखर | मंगळवार, सकाळी ९.५०

डे चा. तारीख ठरलेली नसते किंवा सांगायची नसते, म्हणून डी-दिवस. वेळेला एच-अवर. मग बाकी सगळं त्यावरून मोजायचं: डी उणे तीनला दारूगोळा, डी अधिक दोनला पूल. हल्ला पुढे ढकलला तरी आदेश पुन्हा लिहावे लागत नाहीत. अमेरिकन फौजेने सप्टेंबर १९१८ मध्ये, पहिल्या महायुद्धात, सँ-मिएलच्या लढाईच्या आदेशात हे वापरलं होतं. नॉर्मंडीचा डी-डे प्रसिद्ध झाला एवढंच, बाकी डी-डे ढिगाने झाले.

---

कोरा कागद | मंगळवार, दुपारी २.१५

७५.

धागा छान आहे, पण सगळी परिभाषा पश्चिमेकडूनच का घ्यायची? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेरांचे दोन मोठे वर्ग आहेत. एका जागी ठाण मांडून बसणारे ते 'संस्था': कपटी विद्यार्थी, संन्यास सोडलेला, शेतकरी, व्यापारी, तापस. फिरते ते 'संचार': त्यात हेरगिरीचं शिक्षण दिलेला अनाथ म्हणजे 'सत्री', मारेकरी म्हणजे 'तीक्ष्ण', विष घालणारा 'रसद' आणि 'भिक्षुकी'. वेषांची ही यादी म्हणजे धागाकर्तीने वर सांगितलेलं बिगर-वकिलाती कव्हरच.

डबल एजंटसाठी तिथला शब्द 'उभयवेतन'. दोन्हीकडून पगार घेणारा! याहून नेमका शब्द मला कोणत्याही भाषेत माहीत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांसाठी काम करणारा स्पॅनिश माणूस, सांकेतिक नाव 'गार्बो', हा या शब्दाचा मूर्तिमंत नमुना. त्याने जर्मनांना आपल्या हाताखाली २७ हेर असल्याचं भासवलं. एकही अस्तित्वात नव्हता. जर्मन त्या सगळ्यांचा खर्च देत होते. त्यातल्या एका काल्पनिक हेराला त्याने मारून टाकलं, पेपरात निधनवार्ता छापून आणली, आणि जर्मनांनी त्याच्या काल्पनिक विधवेला निवृत्तिवेतनही मंजूर केलं. १९४४ मध्ये गार्बोला जर्मनांकडून आयर्न क्रॉस आणि ब्रिटिशांकडून एमबीई, दोन्ही मिळाले. नुसता पगार नाही, पदकंसुद्धा उभय.

कौटिल्याचे आणखी दोन नियम: हेरांनी एकमेकांना ओळखता कामा नये, आणि तिघांची माहिती जुळली तर ती खरी मानावी.

---

निळी शाई | मंगळवार, रात्री ९.००

कोरा कागद, 'उभयवेतन' मी उचललाच म्हणून समजा.

तुमचे दोन नियम एकत्र वाचले तर त्यांचं खरं मोल कळतं. तिघांचं जुळणं याला अर्थ तेव्हाच, जेव्हा ते एकमेकांना ओळखत नाहीत. नाहीतर एकाने सांगितलं, दुसऱ्याने ऐकलं, तिसऱ्याने लिहिलं, आणि वर बसलेल्याला वाटतं तीन ठिकाणांहून दुजोरा आला. याला 'सर्क्युलर रिपोर्टिंग' म्हणतात. मी 'गोल फिरलेली बातमी' लिहिते.

म्हणून खात्यांनी माहितीला गुण द्यायची पद्धत काढली. ब्रिटिश नौदलापासून आली म्हणून 'ॲडमिरल्टी कोड', नाटोतही हीच वापरतात. एक अक्षर, एक आकडा. अक्षर माणसासाठी: 'ए' पूर्ण विश्वासाचा, 'बी' सहसा विश्वासाचा, असं उतरत 'ई' अजिबात भरवशाचा नाही. आकडा माहितीसाठी: १ म्हणजे इतर ठिकाणांहून खातरजमा झालेली, ५ म्हणजे असंभवनीय.

मला यातला 'एफ-६' सगळ्यात आवडतो. शेवटचा म्हणून सगळ्यात वाईट, असं वाटतं ना? तसं नाही. 'एफ' म्हणजे या माणसाबद्दल मत बनवायला आधार नाही, '६' म्हणजे ही गोष्ट खरी की खोटी हे ठरवता येत नाही. वॉक-इन पहिल्या दिवशी एफ असतो. एफला कचऱ्यात टाकलं तर हिरा जाईल, ए मानलं तर गळा जाईल.

आणि अक्षर-आकडा वेगळे का? कारण देवमाणूसही चुकीचं ऐकून येतो आणि लबाडही कधीकधी खरं बोलतो. माणसावरचा विश्वास माहितीला चिकटू द्यायचा नाही.

हे पाळलं नाही की काय होतं याचं उदाहरण 'कर्व्हबॉल'. जर्मनीत आश्रय मागणारा एक इराकी, जर्मन गुप्तचर खात्याचा खबऱ्या. इराककडे जैविक अस्त्रांच्या फिरत्या प्रयोगशाळा आहेत ही गोष्ट मुख्यतः त्याच्या तोंडची. ती ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी, कॉलिन पॉवेल यांनी, संयुक्त राष्ट्रांत जगापुढे मांडली. दुजोरा देणारे म्हणून जे इतर खबरे गणले होते, त्यांतल्या एकावर मे २००२ मध्येच 'बनावट' असा शेरा बसला होता. अशा शेऱ्याला 'बर्न नोटीस' म्हणतात. तो शेरा योग्य वेळी योग्य टेबलावर कोणी पाहिला नाही. कर्व्हबॉलने २०११ मध्ये आपण खोटं बोललो हे जाहीरपणे कबूल केलं.

---

तिसरी घंटा | बुधवार, सकाळी ११.३०

माझा आकडा ९५. पत्रकार म्हणून सांगते, आम्ही 'दाट शक्यता' लिहितो तेव्हा बहुतेक वेळा पक्कं माहीत असतं, सांगणाऱ्याचं नाव छापता येत नसतं.

पण तुम्ही सगळे या बोलीच्या प्रेमात पडलाय असं दिसतं. हिचा दुसरा चेहराही बघा. बॉम्बने नागरिक मेले की 'कोलॅटरल डॅमेज', म्हणजे आनुषंगिक हानी. माणूस मारला की 'न्यूट्रलाइज'. कोणत्याही न्यायालयापुढे न नेता पळवून तिसऱ्या देशाच्या ताब्यात दिला की 'एक्स्ट्राऑर्डिनरी रेंडिशन'. नाकातोंडात पाणी ओतणं म्हणजे 'एन्हान्स्ड इंटरॉगेशन', वाढीव चौकशी! यात कोणाचा जीव वाचत नाही काका, फक्त लिहिणाऱ्याची झोप वाचते. अनुवादकाने हे शब्द जसेच्या तसे मराठीत आणले तर तीही त्यात सामील झाली.

नकाराचीसुद्धा परिभाषा आहे. 'याला आम्ही दुजोराही देत नाही आणि इन्कारही करत नाही' हे वाक्य 'ग्लोमार उत्तर' म्हणून ओळखलं जातं. १९६८ मध्ये पॅसिफिकच्या तळाशी गेलेली के-१२९ ही सोव्हिएत पाणबुडी सीआयएने १९७४ मध्ये 'ग्लोमार एक्स्प्लोरर' या जहाजाने उचलायचा घाट घातला. उद्योगपती हॉवर्ड ह्यूज समुद्रतळातून मँगनीज काढतोय असं सोंग होतं. बातमी फुटली, हॅरिएट फिलिपी या पत्रकार बाईंनी कागदपत्रं मागितली, तर उत्तर असं की असे कागद आहेत की नाहीत हेही सांगणार नाही. १९७६ मध्ये प्रकरण न्यायालयात गेलं आणि तेव्हापासून हे उत्तर रूढ झालं. २०१४ मध्ये सीआयएने ट्विटरवर पहिलंच वाक्य लिहिलं: हे आमचं पहिलं ट्वीट आहे याला आम्ही दुजोराही देत नाही आणि इन्कारही करत नाही. लोक हसले. मला नाही हसू आलं.

---

खरखर | बुधवार, दुपारी १२.४०

'न्यूट्रलाइज'बद्दल तुमचं बरोबर आहे. फौजेत आपसात आम्ही 'मारला'च म्हणतो.

ग्लोमारबद्दल थोडं. कधीकधी 'काय कळलं' यापेक्षा 'कसं कळलं' हे मोठं गुपित असतं. हेरखाती याला 'सोर्सेस अँड मेथड्स' म्हणतात. कारगिलच्या वेळी पाकिस्तानचे लष्करप्रमुख मुशर्रफ बीजिंगमध्ये होते आणि रावळपिंडीतल्या जनरल अझीझ यांच्याशी फोनवर बोलले, मे १९९९ च्या शेवटी, दोनदा. भारताने ती संभाषणं ध्वनिमुद्रित केली आणि ११ जून रोजी जाहीर केली. घुसखोर मुजाहिदीन आहेत, पाकिस्तानी फौज नाही, हा दावा जगापुढे उघडा पडला. पण त्याच दिवशी समोरच्यालाही कळलं की ही वाट ऐकली जाते. 

---

तिसरी घंटा | बुधवार, दुपारी १.०५

आणि तरी जाहीर केलं ते योग्यच केलं, असं माझं मत. वापरायचंच नाही तर गुपित मिळवायचं कशाला?

---

खरखर | बुधवार, दुपारी १.२०

माझं मत वेगळं. पण तो निर्णय आमच्या पगाराचा नव्हता. आउट.

---

उंटावरचा | बुधवार, संध्याकाळी ७.४५

वाद रंगात आलाय तर माझी एक भर. 'डेफकॉन', म्हणजे अमेरिकन फौजेच्या सज्जतेची पायरी, उलटी मोजतात हे मला कालच कळलं. पाच म्हणजे निवांत, एक म्हणजे अणुयुद्ध दारात. 'डेफकॉन पाचवर गेलो' म्हणून मी ऑफिसात धमक्या देत होतो, म्हणजे इतके दिवस मी 'मी एकदम शांत आहे' असं ओरडत होतो. क्यूबाच्या पेचात, ऑक्टोबर १९६२ मध्ये, अमेरिकेची अण्वस्त्रधारी बॉम्बर विमानं सांभाळणारी कमांड दोनवर गेली होती.

निळी शाई, आकड्यांचं काय झालं? उत्सुकता ताणू नका.

---

निळी शाई | बुधवार, रात्री १०.३०

सांगते. मार्च १९५१. सीआयएच्या अंदाज विभागाने लिहिलं की त्या वर्षी युगोस्लाव्हियावर हल्ला होणं ही 'गंभीर शक्यता' मानावी. विभागातले शर्मन केंट यांना परराष्ट्र खात्यातल्या एकाने सहज विचारलं, गंभीर म्हणजे किती? केंट म्हणाले, हल्ला होण्याकडे ६५, न होण्याकडे ३५. समोरचा दचकला, त्याने बरंच कमी धरलं होतं. मग केंटनी आपल्याच सहकाऱ्यांना विचारलं. सगळ्यांनी मिळून ते वाक्य मंजूर केलं होतं. उत्तरं २० पासून ८० पर्यंत आली. म्हणजे एकमत वाक्यावर होतं, अर्थावर नव्हतंच. (हल्ला झाला नाही, ही गोष्ट वेगळी.)

केंटनी मग शब्दांना आकडे बांधायचा आग्रह धरला आणि १९६४ मध्ये त्यावर निबंध लिहिला. 'जवळजवळ नक्की' म्हणजे ९३ च्या आसपास, 'संभवनीय' म्हणजे ७५ च्या आसपास, वगैरे. सहकाऱ्यांत दोन तट पडले. आकडेवाल्यांना ते 'गणिती' म्हणत आणि विरोधकांना 'कवी'. त्यांच्या हयातीत कवीच जिंकले.

कवींची किंमत १९६१ मध्ये दिसली. क्यूबातल्या बे ऑफ पिग्जच्या स्वारीला यशाची 'फेअर चान्स' आहे असा लष्करी अभिप्राय केनेडींकडे गेला. लिहिणाऱ्याच्या मनात साधारण ३० टक्के होते. आकडा कागदावर उतरला नाही आणि वाचणाऱ्याला 'फेअर' म्हणजे 'बरी' वाटली. एप्रिलमध्ये स्वारी फसली.

आता अमेरिकन खात्यांना २०१५ च्या निर्देशानुसार कोष्टक आहे: 'लाइकली' म्हणजे ५५ ते ८०, 'व्हेरी लाइकली' ८० ते ९५. आणि 'हाय कॉन्फिडन्स' हा त्यातला नव्हेच! तो शक्यतेबद्दल बोलत नाही, पुराव्याच्या भक्कमपणाबद्दल बोलतो. हल्ल्याची शक्यता निम्मी आणि त्या अंदाजावरची खात्री पूर्ण, असं असू शकतं, फक्त गोंधळ नको म्हणून दोन्ही एकाच वाक्यात लिहायला त्या निर्देशात मनाई आहे. मी गेल्या महिन्यात 'हाय कॉन्फिडन्स'चंच 'दाट शक्यता' करून पाठवलं होतं. छापूनही आलं.

तिसरी घंटा, तुमचं टोचलं आणि पटलंही. यापुढे 'वाढीव चौकशी' एकदाच येईल, अवतरणात, आणि पुढच्याच वाक्यात काय केलं ते सरळ लिहीन.

आपले आकडे: ९०, ६०, ७५, ९५. माझा स्वतःचा ७०. पाच माणसं, एकच भाषा, तीन दिवस याच विषयावर गप्पा, तरी फरक ३५ चा. सगळीकडून 'दाट' काढलाय. संपादकांना कळवलंय की मूळ कागदात आकडा असेल तिथे मराठीतही आकडाच जाईल, आणि नसेल तिथे तळटीप. त्यांचं उत्तर आलं: 'विचार करू.' 

हे किती धरायचं?

---

उंटावरचा | बुधवार, रात्री १०.४२

एफ-६.